धामण पाळावी ती शेतातच

काचेच्या पेटीत साप पाळावे, त्यांची अंडी उबवावी आणि पिले विकावी, असा छंद जगात अनेक ठिकाणी आहे. एखाद्याच मुलखात मिळणारा, रंगाने वेगळा साप असला की त्याचे मोलही अधिक. आपल्या धामणीवर असा प्रसंग येऊ नये असे आम्हांस वाटते.

आपले पूर्वज ज्या कोकणातून या बेटावर आले, तेथील भातखाचरांत धामण ओळखीची आहे. सहा-सात फूट लांब, चपळ आणि पूर्णपणे बिनविषारी. उंदीर हे तिचे आवडते भक्ष्य. असा बिनपगारी राखणदार शेतकऱ्याला दुसरा मिळणार नाही. तरीही ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असे म्हणून तिला ठेचतात. वास्तविक आचळ ओढून दूध पिण्यासारखी सापाच्या तोंडाची ठेवणच नसते.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने धामण त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेली, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसली. तिला घरी पाळणे वा विकणे गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीसाठी जिवंत साप पकडून मडक्यांत ठेवण्याची जुनी चाल होती. तिलाही न्यायालयाने पायबंद घातला. वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात मॉरिशस १९७५ साली, भारत १९७६ साली आणि सौदी अरेबिया १९९६ साली सामील झाले. तेव्हा जेद्दाच्या शराफियात पोटासाठी राहणारा भारतीय असो की येथील आपला बांधव असो, परवान्यावाचून धामण सीमेपार नेणे कोणालाही माफ नाही.

कोणी विचारील, पिंजऱ्यात पैदास केली तर जात वाचणार नाही काय? उत्तर आपल्या दारातच आहे. आपल्या मुख्य बेटावर जहाजांतून उंदीर आले आणि येथील मूळचे बोआ साप नाहीसे झाले. उत्तरेकडील राउंड आयलंडवर उंदीर पोहोचले नाहीत, म्हणून तेथे ते उरले. परंतु शेळ्या-सशांनी तेथील झाडोरा खाल्ला, माती वाहून गेली आणि बिळात राहणारा एक बोआ १९७५ नंतर कोणाच्या दृष्टीस पडला नाही. दुसऱ्या बोआची पिले १९८० च्या दशकात जर्सी येथील प्राणिसंग्रहालयात झाली. ती पैदास छंदासाठी नव्हती. घर मोडलेल्या जिवासाठी होती. राउंड आयलंडवरून शेळ्या-ससे हटविले, क्वाँ द मिर बेटावरचे उंदीर नाहीसे केले आणि २०१२ साली तेथे हे बोआ पुन्हा सोडले. आधी घर सावरले, मग साप आले.

धामणीचे घर अजून शाबूत आहे. बांधावरचे गवत आणि जुनी वारुळे राहू दिली, दिसताच काठी उचलली नाही, तर ती स्वतःच अंडी घालील आणि पिले वाढवील. तिला पाळण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही. गावाकडच्या नातलगांना पत्र लिहाल, फोन कराल, तेव्हा एवढे अवश्य सांगा.