जुना प्रिंटर आणि उघडी भाषा

वाङ्मयाच्या अभ्यासकाला संगणकाच्या तारांशी काय कर्तव्य, असा प्रश्न विचारला जाईल हे गृहीत धरूनच हे टिपण लिहीत आहे. ठिपक्यांनी अक्षर उमटवणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अनेक कार्यालयांत आजही दिसतात. कार्बन लावून एका वेळी अनेक प्रती काढण्याचे त्यांचे काम लेझर प्रिंटरला जमत नाही. तिथे कागदावर आघातच होत नाही. अडचण येते ती संगणक बदलल्यावर. नव्या संगणकाला २५ छिद्रांचे रुंद पॅरलल पोर्ट बहुधा नसते, आणि धडधाकट प्रिंटर भंगारात निघतो.

ही घाई अनाठायी आहे. सेंट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने १९७० च्या सुमारास आणलेली ही जोडणी मुळात साधी आहे. आठ तारांवरून एका अक्षराचे आठ बिट एकदम पाठवायचे, ते पाठवल्याची खूण वेगळ्या तारेवरून द्यायची आणि प्रिंटरने ‘मिळाले’ किंवा ‘थांबा’ असे कळवायचे. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीने ती स्वीकारली. १९९४ मध्ये आयईईई १२८४ या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले. पुढे यूएसबीने तिची जागा घेतली.

या दोहोंमधला सांधा बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल जुळवते. तिच्या एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला प्रिंटरच्या बाजूचे ३६ पिनांचे तोंड असते. मात्र ती संगणकाला जुने पोर्ट परत देत नाही. संगणकाला तिच्या जागी यूएसबी प्रिंटरच दिसतो. म्हणून विंडोजमधून छपाई होते, पण थेट ‘एलपीटी१’ला मजकूर धाडणारे जुने प्रोग्राम अडून बसतात. अशा वेळी प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ हे नाव त्याला जोडावे, किंवा डेस्कटॉप संगणकात पॅरलल पोर्टचे कार्ड बसवावे.

तार जुळली तरी भाषा जुळावी लागते, आणि इथेच या विषयाचा आपल्याशी संबंध येतो. एप्सनची ‘ईएससी/पी’ ही आज्ञावली छापील पुस्तिकांतून सर्वांना उपलब्ध होती; इतर उत्पादकांनीही ती उचलली. त्यामुळे मूळ ड्रायव्हर हरवला तरी ती जाणणारा दुसरा ड्रायव्हर चालतो. निव्वळ रोमन मजकूर तर विंडोजच्या ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरनेही उमटतो. याउलट, नंतर आलेले कित्येक स्वस्त प्रिंटर स्वतःच्या गुप्त संकेतावर आणि खास ड्रायव्हरवर विसंबून होते. ६४ बिटांच्या विंडोजसाठी तो ड्रायव्हर कोणी लिहिला नाही, की यूएसबीचे तोंड असूनही यंत्र निकामी. धाकटे आधी गेले, थोरले टिकले.

मराठी मजकुराचीही हीच कथा आहे. जुन्या प्रिंटरच्या स्मृतीत सहसा रोमन अक्षरेच असत. देवनागरी चित्ररूपाने पाठवावी लागे. संगणकात ती साठवण्यासाठी ‘इस्की’ हा भारतीय प्रमाणसंकेत १९९१ मध्ये जाहीर झाला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणून इस्कीतला मजकूर आज फारशा सायासाविना युनिकोडमध्ये येतो. परंतु आपल्याकडचे बरेच लेखन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या फाँटांत, ज्याच्या त्याच्या संकेतात टंकलिखित झाले. तो फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. त्या काळातील प्रबंध, नियतकालिकांचे अंक, संपादित संहिता अशा फाइलींत अडकलेल्या असतील, तर त्यांच्यासाठी बाजारात कोणतीही केबल मिळणार नाही. त्या त्या फाँटसाठी परिवर्तक हवा, आणि फाँट ओळखणारा माणूसही.

दीर्घायुष्य यंत्राच्या मजबुतीपेक्षा त्याच्या संकेताच्या उघडेपणावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. म्हणून मराठी विभागांनी जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातले फाँट आणि फाइली सोबत जपाव्यात, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि जुना प्रिंटर चालू असेल तर मूळ पाठाची एक कागदी प्रत काढून नव्या पाठाशी ताडून पाहावी. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे काम परके वाटू नये.