उंबरठा गेला, अडसर राहिला

अडसर म्हणजे दार आतून बंद केल्यावर भिंतीतल्या खोबणीतून आडवा सरकवायचा लाकडी दांडा. दारामागून तो कधीच गेला, पण सरकारी योजनांच्या वाटेत अजून येतो. कचेऱ्यांचे उंबरठेही आपण झिजवतोच; फ्लॅटच्या दारात मात्र उरली नावापुरती दगडी पट्टी. उंच उंबरठा चाकाच्या खुर्चीला अडवतो, हा आक्षेप रास्तच. पण उंबरठ्याचे मोल उंचीत नव्हते, क्षणभर थांबण्यात होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला हत्ती थोपवणारे खिळे आहेत आणि माणसापुरता दिंडी दरवाजाही. अडवणे आणि आत घेणे, दोन्ही त्याच दाराचे काम. म्हणून जमीन सपाट ठेवा, पण दाराबाहेर टेकायला दोन हात जागा सोडा.