भाजीची वर्गणी

दिवाळी अंक वर्गणीदाराच्या भरवशावर उभा राहतो. अंक डोळ्यांनी पाहण्याआधीच तो पैसे भरतो, म्हणून छपाईचा कागद वेळेवर घेता येतो. शेतातली ताजी भाजी थेट घरी मागवण्याचा व्यवहारही असाच भरवसा मागतो, असे आमचे ठाम मत आहे. भाजी किती मिनिटांत दारात आली याचीच चर्चा फार होते. ती पेरताना कोणाच्या घरासाठी पेरली होती, हे कोणी विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका संशोधन-निबंधानुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याचे ३६. उरलेले सगळे दलालच खातो, हा समज सोपा पण अपुरा आहे. त्यात गाडीभाडे असते, हमाली-तोलाई असते आणि वाटेत नासलेल्या मालाची घटही असते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला, शहरांत शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. कायद्याने बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक मिळाली, गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही. पहाटे उपटलेली मेथी दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी उरलेल्या जुड्या मिळेल त्या भावाने द्याव्या लागतात. २०२० च्या टाळेबंदीत हे चित्र काही काळ पालटले. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी व्हॉट्सअॅपवर आदल्या दिवशी मागणी नोंदवली, शेतकरी गटांनी तेवढाच माल काढला आणि एकच टेम्पो एका फाटकाशी रिता झाला. भाडे वाटले गेले, शिल्लक राहिली नाही. पुढे बाजार उघडले आणि अनेक गटांची मागणी ओसरली, कारण मागणीचा तो शब्द अडचणीपुरता दिलेला होता.

ही भाजी महाग पडते, असा आक्षेप आहे. एकेका घरासाठी गाडी फिरली तर ती महाग पडणारच. पन्नास घरांनी मिळून हंगामभराची मागणी दिली तर हिशेब बदलतो. अर्थात बारमाही फ्लॉवरचा हट्ट सोडून आश्विन-कार्तिकात मुळा, वालपापडी, अंबाडी येईल तशी रांधावी लागेल. ही गैरसोय खरी आहे, पण पावसाने पीक गेल्याची सारी झळ एकट्या शेतकऱ्याने सोसावी, यापेक्षा ती न्याय्य आहे. दुसरा आक्षेप आम्हाला अधिक बोचतो: मग दारावर येणाऱ्या भाजीवालीचे काय? घरपोच भाजी हा तिचाच जुना धंदा. कोणत्या घरात कारले चालत नाही, कोणाकडे गुरुवारी उपास असतो, हे तिला तोंडपाठ असते. सोसायटीची मागणी गोळा करणे, टेम्पो उतरवून घेणे आणि वाटप हे काम ठरलेल्या मोबदल्यावर तिच्याकडेच सोपवता येईल. तिच्या वहीत पन्नास घरांची मागणी आधीच लिहिलेली असेल, तर भल्या पहाटे घाऊक बाजारात स्वतःचे भांडवल घालावे लागणार नाही आणि उरेल त्या मालाची जोखीमही तिला उचलावी लागणार नाही.