अर्काचें यंत्र आणि विद्राव्यतेचें गणित

शहागंजच्या बाजारांत गिऱ्हाईक सुंठ किंवा हळकुंड हातांत घेतें, रंग पाहतें, वास घेतें आणि भाव करतें. अर्क काढणारा कारखानदार मात्र त्यांतून कोणतें द्रव्य किती निघेल, एवढेंच विचारतो. खुलताबाद-कन्नडकडील आलें किंवा वसमतकडील हळद पिकविणाऱ्या ज्या बंधूंच्या मनांत भागीदारीनें असें यंत्र घ्यावें असें येत असेल, त्यांनीं हाच प्रश्न आधीं स्वतःस विचारावा, असें आमचें मत आहे.

या यंत्रांत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोड्याच्या बाटलींतला वायु, द्रावक म्हणून वापरतात. त्याचें उष्णमान ३१ अंश सेंटिग्रेडच्या वर आणि दाब हवेच्या दाबाच्या सुमारें ७३ पटींहून अधिक ठेविला, म्हणजे तो धड वायु राहत नाहीं कीं धड द्रव होत नाहीं. द्रवाप्रमाणें तो पदार्थ विरघळवितो आणि वायूप्रमाणें बारीक छिद्रांत शिरतो. दाब सोडतांच तो उडून जातो व अर्क मागें राहतो. अशा अवस्थेंत घन पदार्थ विरघळतात, हें हॅने व होगार्थ यांनीं १८७९ सालींच दाखविलें होतें.

पाणी तापविलें कीं साखर अधिक विरघळते, हा घरचा अनुभव मात्र येथें दगा देतो. वायु तापला कीं विरळ होतो व त्याची विरघळविण्याची शक्ति घटते; उलट तापलेला घन पदार्थ बाष्परूप होण्यास अधिक उत्सुक असतो. या दोहोंची ओढाताण चालते. दाब बेताचा असतां उष्णतेनें विद्राव्यता कमी होते, दाब बराच चढविला तर वाढते. डांबरगोळीच्या नॅफ्थॅलिनवर हा चमत्कार स्पष्ट दिसतो. म्हणजे अंदाजानें चावी फिरविणारा वीजहि जाळील आणि मालहि दवडील.

याकरितांच गणित पाहिजे. क्रास्टिल यांनीं १९८२ सालीं वायूची घनता व उष्णमान यांवरून विद्राव्यता काढण्याचें तीन स्थिरांकांचें सुटसुटीत समीकरण दिलें. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील ममता मुखोपाध्याय यांचा या वायूनें नैसर्गिक अर्क काढण्यावरील ग्रंथ २००० सालीं निघाला. कोणी म्हणेल, ही पंडितांची करमणूक आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोजक्या प्रयोगांवरून बाकीच्या दाबांचा अंदाज येत असेल, तर महाग यंत्रावरील कित्येक चुकलेले घाणे वांचतात. मात्र ते स्थिरांक ज्या पदार्थावर व ज्या मर्यादेंत मोजले तेवढ्यापुरतेच खरे. शुद्ध पदार्थाचे आंकडे ओलसर, भरड दळलेल्या मालास जसेच्या तसे लागू पडत नाहींत.

हळदवाल्यांनीं विशेष सावध असावें. हळदीचें सुगंधी तेल या वायूंत चांगलें उतरतें, पण कुर्क्युमिन हें पिवळें द्रव्य निव्वळ वायूंत फारच थोडें विरघळतें. मद्यार्काची जोड दिल्यास तें वाढतें. मग तो वेगळा काढण्याचा खर्च आणि परवान्याची यातायात आलीच. कुर्क्युमिनचा भाव दाखवून नुसत्या वायूचें यंत्र विकूं पाहणाऱ्यास हें तोंडावर विचारावें. आल्याच्या तिखट द्रव्याची गोष्ट त्यामानानें बरी आहे.

विक्रेता आला कीं त्याच्यापुढें आपल्याच शेतांतील सुंठीचा नमुना ठेवावा, आणि तीन उष्णमानांवर, प्रत्येकीं चार-पांच दाबांवर मोजलेले आंकडे लेखी मागावे. ते हातीं येईपर्यंत भागाची रक्कम बँकेंतच राहूं द्यावी.