इमॅजिकाची झळाळी ओसरते आहे काय?

दिवाळीची सुटी संपली, की शाळाशाळांतून सहलींची चर्चा सुरू होते. प्रतापगड, रायगड, महाबळेश्वर, गणपतीपुळे ही एके काळची ठरलेली ठिकाणे. गेल्या दशकात त्यांच्या जोडीला एक नवे नाव आले, ते खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे. सोलापूरहून तेथे जायचे तर सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचे अंतर कापावे लागते. म्हणजे रात्रभर प्रवास, दिवसभर धावपळ आणि पुन्हा रात्रभर प्रवास. एवढा खटाटोप करून गेलेल्या माणसाच्या पदरात नेमके काय पडते, असा प्रश्न अलीकडे विचारला जाऊ लागला आहे. 'आता ते पूर्वीसारखे राहिले नाही' हा शेरा तर सर्रास ऐकू येतो. या शेऱ्यात तथ्य किती आणि पहिल्या भेटीच्या आठवणींचा गोडवा किती, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

स्वप्न मोठे, कर्जही मोठे

महाराष्ट्राला करमणूक उद्यान ही कल्पना नवी नव्हती. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. एका संपूर्ण पिढीचे बालपण या दोन नावांशी जोडलेले आहे. तथापि, एस्सेलवर्ल्ड हा मुख्यतः पाळण्यांचा आणि झुल्यांचा समूह होता. चित्रपट व्यवसायातून आलेले मनमोहन शेट्टी यांनी एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू केले, तेव्हा त्यांचा संकल्प वेगळा होता. तेथे प्रत्येक खेळामागे एक कथा होती. अलिबाबाची गुहा, 'मिस्टर इंडिया' चित्रपटावर बेतलेली सफर, देशाचे विहंगम दर्शन घडवणारा 'आय फॉर इंडिया', अंधारातून धावणारा 'डीप स्पेस' अशी ती मांडणी होती. स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेला 'नायट्रो' हा रोलर कोस्टर तर उद्यानाची ओळखच ठरला. अशा खेळासाठी परदेशी जाण्याची गरज उरली नाही, ही भावना त्या वेळी खोटी नव्हती.

पुढच्या तीन वर्षांत जलउद्यान, हॉटेल आणि हिमउद्यान यांची भर पडली. मात्र हा सारा पसारा प्रामुख्याने कर्जावर उभा होता. २०१५ मध्ये कंपनीने भांडवल बाजारात पाऊल टाकले, तेव्हा गुंतवणूकदारांचा प्रतिसाद थंड राहिला आणि समभागाचा किंमतपट्टा खाली आणावा लागला. अपेक्षेएवढे पाहुणे आले नाहीत, व्याज मात्र थांबले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अशा उद्यानांच्या तिकिटावर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला खरा. पण तोवर कर्जाचे ओझे पेलवेनासे झाले होते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दरवाजेच बंद झाले. अखेर २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन कंपनीचे नियंत्रण संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. शिर्डी आणि लोणावळा येथील जलउद्याने चालवण्याचा अनुभव या समूहाच्या गाठीशी होता.

घसरण नेमकी कशाची?

हा ताळेबंदाचा इतिहास सहलीला जाणाऱ्या कुटुंबाच्या कामाचा नाही, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात सारे कोडे तेथेच उलगडते. करमणूक उद्यानाचा बहुतांश खर्च ठरलेला असतो. दिवसाला पाचशे माणसे येवोत की पाच हजार, वीज, कर्मचारी, सुरक्षा तपासणी यांत फारशी काटछाट करता येत नाही. व्याजाचा हप्ता तर टाळताच येत नाही. मग हात आखडता घेण्यासाठी दोनच जागा उरतात. एक, नव्या खेळांची भर. दुसरी, जुन्या खेळांचे रंगरूप. परदेशी यंत्राचा सुटा भाग मागवायचा तर तो परकी चलनात, तोही वेळ घेऊन येतो. त्यामुळे एखादा खेळ महिनोन्‌महिने बंद राहणे, पुतळ्यांचे रंग उडणे, पडद्यावरचे चित्र मंद दिसणे, हलत्या बाहुल्यांपैकी काहींनी मान टाकणे ही सर्व लक्षणे एकाच दुखण्याची असतात. जगभरच्या कर्जबाजारी उद्यानांत हीच दिसतात.

इमॅजिकाच्या बाबतीत निसर्गाचा वाटाही लक्षात घ्यावा लागेल. ज्या सोलापूरकराने पाऊस ही दुर्मिळ चीज मानली, त्याला सह्याद्रीच्या पायथ्याशी कोसळणाऱ्या पावसाची कल्पना सहज येत नाही. उघड्यावरचे लोखंड, लाकूड आणि रंग यांना चार महिने तेथे अखंड ओलावा सोसावा लागतो. वीज कडाडली किंवा पावसाचा जोर वाढला, की उंचावरचे खेळ थांबवावेच लागतात. ते थांबवणे हा दर्जा घसरल्याचा पुरावा नव्हे; ते जबाबदारीचे लक्षण आहे. राजकोटच्या गेमझोनमध्ये मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक जीव गेल्यानंतर तरी याविषयी दुमत असू नये. 'राइड बंद होती' या तक्रारीचे म्हणूनच दोन भाग करायला हवेत. सुरक्षेसाठी बंद ठेवलेला खेळ वेगळा आणि दुरुस्तीला पैसा नाही म्हणून बंद राहिलेला खेळ वेगळा. पाहुण्याला मात्र दोन्ही ठिकाणी एकच साखळी आडवी दिसते. व्यवस्थापनाने कारण सांगितले नाही, तर तो वाईटच अर्थ काढणार.

तक्रारीचा तिसरा धागा रांगांचा आहे. जादा पैसे मोजून रांग टाळण्याची सोय इमॅजिकात आहे. ही रीत खोपोलीत जन्मलेली नाही. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ मध्ये सुरू केलेली विनामूल्य सोय २०२१ मध्ये सशुल्क केली, तेव्हा तेथील निष्ठावान पाहुण्यांनीही 'आता ते राहिले नाही' हाच सूर लावला होता. यंत्रे तीच, रंगही ताजे. तरीही उद्यान उतरल्यासारखे वाटले, कारण एकाच फाटकातून आत आलेल्या माणसांत दोन वर्ग पडले. दर्जा हा केवळ यंत्राचा नसतो. आपल्याला पाहुणा म्हणून वागवले जाते की गिऱ्हाईक म्हणून, यावरही तो ठरतो.

पाणी तरते, कथा बुडते

२०२२ नंतर इमॅजिकावरचे बुडण्याचे संकट टळले, हे मान्य करावे लागेल. कर्जाचा डोंगर उतरला, उद्यान सुरू राहिले. लोणावळा आणि शिर्डी येथील समूहाची उद्यानेही पुढे याच कंपनीच्या छत्राखाली आली. कोसळण्याची भीती होती तेथे स्थैर्य आले, हे थोडके नव्हे. गोराईकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. कोविडनंतर वॉटर किंगडम पुन्हा सुरू झाले; एस्सेलवर्ल्डचे पाळणे मात्र थांबले ते थांबलेच.

तथापि, याच उदाहरणात धोक्याची सूचनाही आहे. जलउद्यान उभारायला तुलनेने कमी पैसा लागतो, त्याची देखभाल सोपी असते आणि आपल्याकडचा उन्हाळा गर्दीची हमी देतो. कथेवर आधारलेले उद्यान याच्या अगदी उलट. ते महाग, नाजूक आणि सतत नवेपणा मागणारे. पैसा लावणाऱ्याचा कल पाण्याकडे झुकला, तर त्याला दोष देता येणार नाही. इमॅजिकाची खरी परीक्षा येथेच आहे. उद्या ते नफ्यात चालेल, गर्दीही होईल. पण २०१३ मध्ये ज्या वेगळेपणासाठी लोक थक्क झाले, ते वेगळेपण घसरगुंड्या आणि लाटांच्या हौदात विरून जाऊ शकते. दर्जा घसरतो तो नेहमी मोडतोडीतूनच असे नाही. मूळ संकल्प पातळ होत गेला तरी तो घसरतो आणि ही घसरण हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

सोलापूरचा कौल

सोलापूरच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ शहराला दोन्ही दिशांनी जोडतो. पश्चिमेला खोपोली जेवढे दूर, जवळजवळ तेवढेच पूर्वेला हैदराबाद. किंबहुना ते काहीसे जवळच. तेथे १९९६ पासून रामोजी फिल्म सिटी आहे आणि २०१६ पासून वंडरलाही आहे. पूर्व भागातील तेलुगू भाषक घरांची नातीगोती तर त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्यांची. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला इमॅजिका पर्यायहीन वाटत असेल. सोलापूरकराला तसे नाही. वंडरलाने २००० मध्ये कोचीतून सुरुवात केली, नंतर बंगळूर आणि मग हैदराबाद असा एकेक टप्पा गाठला. कर्जाच्या घाईत सर्व काही एकदम उभारायचे की उत्पन्नाच्या बेताने हळूहळू वाढायचे, या दोन वाटांमधील फरक या दोन उद्यानांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

करमणुकीची पारख सोलापूरला नवी नाही. मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, होम मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात, मौत का कुआँ गरगरतो. त्या पाळण्यांकडून कोणी परदेशी चकाकीची अपेक्षा करत नाही. यात्रा संपली, की ते खोलून दुसऱ्या गावी जातात. वर्षभराने परततात तेव्हा पुन्हा नवे वाटतात. कायमस्वरूपी उद्यानाला ही सवलत नाही. ते एकाच जागी, सर्वांच्या डोळ्यांदेखत म्हातारे होत असते. त्यातून त्याने आपल्या जाहिरातीने अपेक्षा वाढवून ठेवलेली असते. गड्ड्यावर एखादा पाळणा बंद असला, तर मूल दुसऱ्या पाळण्याकडे वळते. खोपोलीत 'नायट्रो' बंद असला, तर त्याच्यासाठी वर्षभर पैसे साठवणाऱ्या मुलाला परत घरी नेताना कोणते उत्तर द्यायचे?

खरा प्रश्न आहे तो या मुलाचा. मुंबई-पुण्याचा रहिवासी पुन्हा येऊ शकतो. एक दिवस वाया गेला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात राबणाऱ्या सोलापुरी घरातील मुलाची ती सहल बहुधा एकदाच होते. त्याच्या लेखी उद्यान पूर्वीपेक्षा उतरले की नाही, हा प्रश्नच नसतो. त्याने पूर्वीचे पाहिलेलेच नाही. जे दाखवून बोलावले ते मिळाले की नाही, एवढेच त्याला ठाऊक असते.

म्हणूनच उपायही अवघड नाहीत. नियोजित देखभालीसाठी कोणते खेळ कोणत्या तारखांना बंद राहतील, हे तिकीट विकण्यापूर्वी ठळकपणे सांगावे. मोठे आकर्षण अकस्मात बंद पडले, तर दरात सूट किंवा पुन्हा येण्याची मुभा द्यावी. दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या शालेय सहलींना बंद खेळांची माहिती आदल्या दिवशी कळवण्याची व्यवस्था असावी. शाळांनीही केवळ सवलतीचा दर न पाहता सहल ठरवताना ही माहिती लेखी मागितली पाहिजे. भारतीय मानक ब्युरोने करमणुकीच्या यंत्रांसाठी सुरक्षेची मानके घालून दिली आहेत. त्यानुसार झालेल्या तपासणीची तारीख प्रत्येक खेळापाशी वाचता येईल अशी लावण्यास पैसा लागत नाही, इच्छा लागते.

इमॅजिका लयाला चालले आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; ते पूर्वीइतकेच देदीप्यमान आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे. कर्जाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसासारखी त्याची अवस्था आहे. जीव वाचला, अंगी बळ येत आहे. पण चेहऱ्यावरचे तेज परतले आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे. ते तेज परतावे, असे महाराष्ट्रातील कोणालाही वाटेल, कारण एवढ्या हिमतीचे दुसरे उद्यान राज्यात उभे राहण्याची चिन्हे नाहीत. मात्र उद्घाटनाच्या झगमगाटाने पाहुणा एकदा येतो. दुसऱ्यांदा आणि शेजाऱ्याला सांगून आणतो, तो केवळ चोख देखभालीमुळे. महामार्ग दोन्ही दिशांना जातो, हे सोलापूरकराला चांगले माहीत आहे.