एक तरी बराक राहू द्या

उल्हासनगरात जुन्या लष्करी बराकी आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि त्याही पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. त्यातली एक तरी महापालिकेने ताब्यात घेऊन जतन करावी. कोणी गळक्या छपराखाली राहावं असं मी म्हणत नाही. पण ज्या भिंतींत हे शहर जन्मलं, त्यातली एकही आमच्या नातवंडांना दिसू नये, हे मला सोसवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळच्या गावांच्या जमिनी घेऊन इथे सैनिकांची छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आम्ही मात्र रिक्षावाल्याला अजून ‘कॅम्प चार’ असंच सांगतो.

पलटणीसाठी बांधलेल्या एकेका लांबलचक खोलीत कितीतरी संसार थाटले गेले. मधे भिंत नव्हती, गोणपाट होतं. आमच्या शेजारच्या अम्मा सांगायच्या, रात्री पलीकडचं मूल रडलं की अलीकडच्या बाईलाही जाग यायची. दिवसा तिथेच बायका पापड लाटायच्या आणि पोरं ते लोकलमध्ये विकायला न्यायची. पुढे गोणपाट गेलं, विटा आल्या. विटांवर पत्रा, पत्र्यावर माळा.

उल्हासनगरच्या बेकायदा बांधकामांवर बाहेरचे लोक नाक मुरडतात, तेव्हा ही सुरुवात त्यांना ठाऊक नसते. वाढत्या घराला जागा कुठे होती? म्हणून बिल्डरांचे गुन्हे माफ होत नाहीत. मे २०२१मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, तेही या शहरात २००६पासून नियमितीकरणाचा खास कायदा असताना.

जतन केलेल्या बराकीत निर्वासितांइतकीच जागा शेतं गेलेल्या गावांनाही हवी. शेजारच्या नेवाळीत युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीवरून शेतकरी जून २०१७मध्ये रस्त्यावर उतरले होते. ते दुखणं अजून ओलं आहे.

अम्मा गेल्या. त्यांच्या वयाची माणसं आता फार थोडी आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, उरलेल्या बराकींची मोजणी करून नकाशे आणि छायाचित्रं काढावीत. महापालिकेने येत्या अंदाजपत्रकातच त्यासाठी तरतूद करावी.