लीलाबाईंचा बंगला

'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात आजही बाया हातातलं काम टाकून बसतात. सचिन पिळगांवकरांचा हा सिनेमा 1988 चा. मीही हसते. 'विनोद आहे, विनोद म्हणून घ्या' हे मात्र मला मान्य नाही.

चर्चा होते ती अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांची. लीलाबाई काळभोर आठवतात त्या केवळ घरमालकीणबाई म्हणून. नयनतारा यांनी ही दुय्यम भूमिका केली, आणि ती इतकी सच्ची केली की अख्खी फसवणूक तिच्यावरच उभी राहते. म्हातारी खरी वाटली नसती, तर साडीतले दोघे फुसके ठरले असते. नयनतारा 2014 साली गेल्या.

मैत्रिणींनो, गोष्ट नीट बघा. पुण्यात चार पुरुषांना घर मिळत नाही, कारण लीलाबाईंना भाडेकरू जोडपीच हवीत. मग दोघे साडी नेसतात, सुधा आणि पार्वती होतात, आणि दार उघडतं. पार्वतीचं डोहाळजेवणही होतं. त्यातलं गाणं आता खऱ्या डोहाळजेवणात वाजतं, ते असो. पण साडी नेसून घर मिळालं ते शेजारी 'नवरा' उभा होता म्हणून. नुसत्या साडीला कुणी घर दिलं असतं का?

उमरग्यात मी एकटीनं खोली शोधत होते तेव्हा साडीच नेसलेली होते. "मालक कुठं असतात?" हा पहिला प्रश्न, "येणारंजाणारं कोण?" हा दुसरा. भाड्याचं तिसऱ्या घरापर्यंत कुणी विचारलंच नाही. त्यावर कुणी सिनेमा काढला तर हसू येणार नाही.

आणि लीलाबाई? आपल्या सिनेमात स्वतःच्या मालकीचं घर असलेली बाई किती वेळा दिसते? इथे दिसली, तर तिचं काम फसणं. तिचा बंगला बळकावायला टपलेला बळी खलनायक ठरतो, तिला रोज फसवणारे चौघे मात्र लाडके नायक. शेवटी त्यांना क्षमाही तिनेच करायची!

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा, लोहारा भागात गावंच्या गावं नव्यानं वसली. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा दिला. घराच्या उताऱ्यावर पतीबरोबर पत्नीचंही नाव लावायचं परिपत्रक 2003 साली निघालं. तरी बैठकीत "घर कुणाच्या नावावर?" असं विचारलं की बाया एकमेकींकडे बघतात.

म्हणून माझं सांगणं, पुढच्या बैठकीत हा सिनेमा जरूर लावा, पोटभर हसा. येताना प्रत्येकीनं ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना 8 चा उतारा तेवढा घेऊन या.